आईला विचारले होते का?

पौष वद्य एकादशीस त्र्यंबकेश्वरी श्रीनिवृत्तिनाथ महाराजांची यात्रा भरते, हे आमच्या वाचकांस सांगण्याची जरुरी नाही. अशाच एका यात्रेत समाधीचे दर्शन घेऊन आम्ही चार माळकऱ्यांसोबत कुशावर्ताजवळ फराळाला बसलो होतो. आमच्यात निफाडकडचे एक पन्नाशीचे बागाईतदार होते. मनुष्य सरळ, वारी न चुकविणारा. बराच वेळ ते गप्प होते. मग हातातली शेंगदाण्यांची पुडी बाजूला ठेवून म्हणाले, “महाराज, एक विचारू का? माळकऱ्यानं आईला वृद्धाश्रमात ठेवलं, तर पाप लागतं का?”

एक वयस्क टाळकरी ताडकन म्हणाले, “अहो, पुंडलिकाचा संप्रदाय आपला! आई-बापांसाठी त्यानं देवाला विटेवर उभं केलं, आणि आपण आईला घराबाहेर काढायचं?” दुसरे म्हणाले, “नाशकात म्हाताऱ्या गाईंना पांजरपोळ आहेच. आता म्हाताऱ्या माणसांनाही झाला म्हणायचा.” मंडळी हसली. निफाडच्या गृहस्थांनी मान खाली घातली आणि पुडी पुन्हा उचलली नाही.

आम्ही काही बोललो नाही. लोकांस वाटले, महाराज विचार करीत आहेत. खरी गोष्ट निराळी होती. आमची स्वतःची आई त्या वेळी दीड वर्षापासून अशाच एका ठिकाणी होती, आणि चारचौघांत ते सांगण्याची आम्हांस लाज वाटली. त्या गृहस्थांस आम्ही उत्तर देणे लागतो. ते या लेखातून देत आहोत.

आमचे घर पंचवटीत. आईचे सासरचे सारे आयुष्य गंगेच्या काठी गेले. आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. सत्तरी उलटेपर्यंत ती नाथांच्या पालखीबरोबर त्र्यंबकेश्वराहून पंढरपुरापर्यंत पायी जात असे. मग तिला विसर पडू लागला. आधी नावे गेली, मग दिवस गेले, मग रात्र कोणती आणि पहाट कोणती हे कळेना. पहाटे तीनला कडी काढून ती रामकुंडाची वाट धरी. एकदा माघाच्या थंडीत घाटावरच्या फुलवाल्या बाईने तिला ओल्या लुगड्यानिशी घरी आणून सोडले. संध्याकाळ झाली की गाठोडे बांधून दारात उभी राही. “मला घरी जायचंय.” आम्ही म्हणावे, “आई, हेच तुझं घर.” ती म्हणे, “हे नव्हं. माझ्या घरी.” ते घर म्हणजे सिन्नरकडचे तिचे माहेर. ते पडून तीस वर्षे झाली होती.

आपले जुने लोक ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून हसण्यावारी नेत. डॉक्टरांनी याला स्मृतिभ्रंश म्हटले. आलोइस आल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी १९०६ साली ज्या रोगाची हकिकत प्रथम मांडली, तोच हा. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत आपल्या देशात साठीच्या पुढच्या सुमारे ८८ लाख माणसांना स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज केला आहे. म्हणजे निफाडच्या गृहस्थांचा प्रश्न त्यांच्या एकट्याच्या घरचा नाही.

आता आमच्या घरात सेवा कोण करीत होते, ते ऐका. आईचे अंग पुसणे, लुगडे बदलणे, भरविणे, रात्री चार वेळा उठणे, हे सर्व आमची पत्नी करी. आम्ही सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून कीर्तनासाठी गावोगाव हिंडत होतो. पुंडलिकाचे आख्यान आमच्या विशेष आवडीचे. श्रोते डोळे पुसत. त्याच घटकेला घरी आईचे पाय कोण चेपीत आहे, हे आमच्या ध्यानात येत नसे. पुंडलिकाने पाय स्वतः चेपले. ते काम बायकोवर सोपवून तो कुठे आख्यान लावायला गेला नव्हता. शंभर वेळा सांगूनही ही साधी गोष्ट आम्हांस कळली नव्हती. शेवटी एके रात्री पत्नी घेरी येऊन आईच्या अंथरुणाशेजारीच पडली, तेव्हा कळली. दोन म्हाताऱ्या बायका जमिनीवर, आणि आम्ही येवल्याला कीर्तनात.

मुलगा-सून नोकरीवर. रात्रीसाठी बाई ठेवली, ती महिनाभरात गेली. मग सर्वांनी बसून आईला वृद्धाश्रमात ठेवण्याचे ठरविले. सर्वांनी म्हणजे, आई सोडून सर्वांनी.

ज्या दिवशी तिला नेले, त्या दिवशी आम्ही तिला म्हटले, “आई, चल, त्र्यंबकला जाऊ. नाथांचं दर्शन घेऊन येऊ.” कित्येक महिन्यांत तिचा चेहरा इतका उजळलेला आम्ही पाहिला नव्हता. तिने स्वतः बुक्क्याची डबी मागून घेतली. टाळ पिशवीत घातले. गाडी त्र्यंबकच्या रस्त्याला लागली, म्हणून तिला संशयही आला नाही. एका फाटकाशी गाडी वळली. तिला ओसरीवर बाकावर बसवून आम्ही म्हटले, “रांग मोठी आहे. तू इथं बस, आम्ही बघून येतो.” आणि मागच्या दाराने निघून आलो.

तिथल्या सेविकेने पुढे आम्हांस सांगितले, “आजी दिवे लागेपर्यंत पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. जेवायला उठेनात. विचारलं तर म्हणायच्या, माझा पोर रांगेत उभा आहे.”

वाचकहो, पुंडलिकाने आईसाठी देवाला थांबवून ठेवले. आम्ही देवाचे नाव सांगून आईला थांबवून ठेवले. आमच्या हातून जे पाप घडले, ते हे. ते वृद्धाश्रमाच्या भिंतीत नव्हते. ते आमच्या तोंडून निघालेल्या त्या दोन वाक्यांत होते.

पण एवढ्याने प्रश्न सुटत नाही. टाळकरी बुवा म्हणतील, “खोटं बोललात ते वाईटच, पण खरं बोलून ठेवलं असतं तर चाललं असतं का? आईची जागा घरात.” तेव्हा पुंडलिकाच्या कथेकडेच पुन्हा जाऊ.

आपण ती कथा विटेपासून सांगतो. ती सुरू होते त्याच्या आधी. काशीच्या वाटेवर पुंडलिक आणि त्याची बायको घोड्यावर, आणि म्हातारे आई-बाप मागून पायी, असे कथेकरी सांगतात. त्या वाटेवर आई-बाप पुंडलिकाजवळच होते. एकच वाट, एकच मुक्काम. तरी त्यांच्याइतके टाकलेले कोणी नव्हते. कुक्कुटमुनींच्या आश्रमात त्याचे डोळे उघडले, तेव्हा त्याने घर बदलले नाही. मन कुठे ठेवायचे ते बदलले. जवळ असणे म्हणजेच सेवा असती, तर पहिला पुंडलिकही सेवकच ठरला असता. आज नाशकात, पुण्यात किंवा मुंबईत अशी घरे थोडी नाहीत की, जिथे म्हातारे माणूस मागच्या खोलीत आहे, ताट वेळेवर सरकविले जाते, आणि आठवडा-आठवडा त्याच्याशी कोणी शब्द बोलत नाही. त्या घराला कोणी नावे ठेवीत नाही. कारण आई ‘घरात’ आहे.

मात्र हा युक्तिवाद फार सोयीचा आहे, हे आम्ही जाणतो. ज्याला जबाबदारी झटकायची आहे, तोही उद्या पहिल्या पुंडलिकाचे नाव सांगेल. म्हणून तो इथेच न सोडता पुढे तपासला पाहिजे.

दुसरे काही जण म्हणतात, यात नवे ते काय? आपल्याकडे वानप्रस्थ होता, क्षेत्रवास होता. म्हातारपणी माणसे काशीला, पंढरीला, आळंदीला जाऊन राहत. आणि निराधारांसाठी घरे निघाली, तीही आजकालची नव्हेत. पुण्याची ‘निवारा’ ही संस्था डेव्हिड ससून यांच्या नावाने एकोणिसाव्या शतकातच सुरू झाली. १९९५ साली महाराष्ट्र सरकारने मातोश्री वृद्धाश्रमांची योजना काढली. हे सर्व खरे. पण वानप्रस्थ स्वतःच्या पायांनी जातो; त्याला कोणी गाडीत घालून नेत नाही. क्षेत्रवासाचेही तेच. आणि त्याच क्षेत्रांत कितीतरी विधवा ‘देवाजवळ’ म्हणून नेऊन सोडल्या गेल्या, हेही आपण विसरू नये. क्षेत्रवास आणि टाकून देणे यांत जागेचा फरक नव्हता. जाणाऱ्याला कोणी विचारले होते की नाही, हाच फरक होता.

आता ज्यांच्या यात्रेत हा प्रश्न निघाला, त्या निवृत्तिनाथांच्याच घरची गोष्ट पाहा. त्यांचे वडील विठ्ठलपंत. संसारात त्यांचे मन नव्हते. संन्यास घ्यायचा तर पत्नीची अनुज्ञा हवी, आणि रुक्मिणीबाई ती देईनात. परंपरेत असे सांगतात की, एके दिवशी त्या बेसावध असताना पंतांनी गंगेला जाण्याविषयी विचारले, आणि त्यांच्या तोंडून ‘जा’ निघून गेले. तेवढ्या शब्दावर पंत काशीस गेले आणि मागे कोणी नाही असे सांगून त्यांनी संन्यास घेतला. पुढे तेच गुरू यात्रेच्या निमित्ताने आळंदीस आले. रुक्मिणीबाईंनी नमस्कार केला. गुरूंनी पुत्रवती होण्याचा आशीर्वाद दिला. बाईंना हसू आले, आणि विचारपूस होऊन सर्व उलगडा झाला. गुरूंनी शिष्याला परत घरी पाठविले.

या गोष्टीत गुरूंनी संन्यासाला दोष दिलेला नाही. ते स्वतःच संन्यासी होते. अनुज्ञा ज्या रीतीने मिळविली, तिला त्यांनी दोष दिला. बेसावध माणसाकडून काढून घेतलेला होकार हा होकार नव्हे, आणि त्यावर उभारलेली गोष्ट कितीही पवित्र असली तरी ती परत करावी लागते. हे वाचताना आम्हांस घाम फुटला. कारण पंतांनी निदान ‘जा’ हा शब्द तरी मिळविला होता. आम्ही विचारलेच नव्हते. आई तेराव्या वर्षी सासरी आली, तेव्हाही तिला कोणी विचारले नव्हते. ऐंशीव्या वर्षी दुसऱ्यांदा तिची पाठवणी झाली, तीही तशीच.

इथे एक अवघड शंका उभी राहते, आणि ती आमचे शेजारी वकीलसाहेब यांनी बोलून दाखविली. ते म्हणाले, “अहो, तुमच्या आईंना पाच मिनिटांपूर्वीचं आठवत नाही. त्यांना खरं सांगून उपयोग काय? होकार देण्याची शुद्ध आहे कुठे त्यांना? तुम्ही त्यांना त्रास वाचवलात.”

ही शंका पुष्कळ दिवस आम्हांस सोडीना. आज आमचे उत्तर असे आहे. या रोगाचा अभ्यास करणारे सांगतात की, घडलेली गोष्ट रोगी विसरतो. पण तिने मनावर आलेले सुख किंवा भय मागे रेंगाळत राहते. आईला ‘रांग मोठी आहे’ हे शब्द आठवत नव्हते. पण पुढे कितीतरी दिवस आम्ही खुर्चीवरून उठलो की ती आमच्या सदऱ्याची बाही घट्ट धरी. शब्द गेले होते. फसवणूक राहिली होती.

दुसरे असे की, खोटे सगळे एका जातीचे नसते. आई मध्येच विचारते, “माझी आई कुठाय?” तिची आई जाऊन पन्नास वर्षे झाली. तिला दर खेपेस ‘ती मेली’ असे ठणकावून सांगणे हे सत्य नव्हे, ती क्रूरता आहे. तिथे आम्ही म्हणतो, “तुझी आई कशी होती गं? पुरणपोळी कशी करायची?” आणि ती सांगत बसते. म्हणजे कसोटी ही की, बोललो ते कोणाच्या सोयीसाठी? तिचे मन शांत व्हावे म्हणून शब्द राखून बोलणे वेगळे. आम्हांस तिचे रडणे पाहावे लागू नये, म्हणून देवाचे नाव पुढे करणे वेगळे. आम्ही तिचा त्रास वाचविला नाही, वकीलसाहेब. आम्ही आमचा वाचविला.

आणि जिला एकदा विचारून भागत नाही, तिला पुन्हा पुन्हा विचारावे लागते. वारकऱ्यास हे वेगळे शिकवायला नको. एकदाच पंढरीला जाऊन आला, तो यात्रेकरू. जो जातच राहतो, तो वारकरी.

आठव्या दिवशी आम्ही गेलो. तिच्यासमोर खाली बसलो आणि म्हटले, “आई, त्या दिवशी आम्ही तुला दर्शनाला आणलं नव्हतं. घरी आम्हांला तुझं करणं जमेना, म्हणून इथं आणलं. खोटं बोललो. चुकलं आमचं.” ती आमच्या तोंडाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “जेवलास का?” एवढेच. तिला कळले की नाही, ते पांडुरंगास ठाऊक. त्या दिवशी आम्ही तिचे पाय चेपले. साठी उलटल्यावर, आयुष्यात प्रथम, आणि तेही वृद्धाश्रमात.

पुढच्या वद्य एकादशीस सोबत सेविकेला घेऊन तिला खरोखरच त्र्यंबकेश्वरी नेले. समाधीपुढे तिने डोके टेकले. टाळ हातात दिले तेव्हा हरिपाठाचा ठेका बरोबर धरला. आमचे नाव विसरलेली ती बाई एका मात्रेने चुकली नाही. परत निघताना तिने विचारले, “आता कुठं?” आम्ही म्हटले, “तुझ्या खोलीवर, आई. घरी नाही.” ती थोडी थांबली आणि म्हणाली, “चल.” हा होकार होता की नुसता थकवा, हे आम्ही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. म्हणून दर खेपेस विचारतो.

ज्यांच्यावर हा प्रसंग येणार आहे, त्यांच्यासाठी अनुभवाच्या चार गोष्टी लिहून ठेवतो.

पहिली. घरी होण्यासारखे असेल तर घरीच करा. मात्र ‘आमच्या घराण्यात असलं चालत नाही’ असे म्हणण्याआधी, रात्री उठते कोण हे मोजा. जी उठते तिला विचारा. भावंडांनी पाळ्या लावून पाहा. आणि पुरुषांनी आपला हात लावून पाहा.

दुसरी. जाणाऱ्या माणसाला आधी विचारा, आणि शुद्ध जाण्याआधी विचारा. आई-बाप धडधाकट असताना हे बोलणे अभद्र वाटते, पण बोलण्याची वेळ तीच. जागा त्यांना दाखवा. शुद्धीवरचे माणूस नाही म्हणाले तर त्या ‘नाही’चा मान राखा, घरी मदतीला माणूस ठेवा, शेजार जोडा, आपली एखादी वारी कमी करा. आणि घर खरोखरच हतबल असेल, तर ते उघड सांगा आणि त्यांचा राग सोसा. तो राग सोसणे हीही सेवाच.

तिसरी. जागा पाहायला सांगून जाऊ नका. अवेळी, तिन्हीसांजेला जा. विसराळू माणसे त्याच वेळी अधिक घाबरतात. रात्री किती माणसे कामावर असतात, ते विचारा. मोरीत धरायला दांडा आहे का, अंथरुणाला वास येतो का, तिथली माणसे म्हाताऱ्यांना नावाने हाक मारतात की ‘ए आजी’ म्हणून ओरडतात, हे आपल्या डोळ्यांनी, आपल्या कानांनी पाहून-ऐकून घ्या. घरची गोधडी, तांब्या, देवाचा फोटो, टाळ बरोबर द्या. सोडायला जाल त्या दिवशी जेवण तिथेच करा, आणि निघताना पुढच्या दाराने, सांगून निघा.

चौथी, आणि सर्वांत अवघड. जात राहा. २००७ सालच्या कायद्याने मुलांकडून आई-बापांना निर्वाहाची रक्कम मिळविता येते, आणि म्हातारे माणूस टाकून दिल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद सांगितली आहे. कायदा पैसे देववील. भेटायला जाणे तो देववू शकत नाही. पहिले दोन महिने सगळेच जातात. मग लग्नसराई येते, द्राक्षांची छाटणी येते, कीर्तने येतात. आमचा नेम दर बुधवारचा आणि दोन्ही एकादशींचा आहे. वारकऱ्याला वारी चुकविण्यासाठी कारण लागते, करण्यासाठी लागत नाही. आई ओळखत नाही, हे न जाण्याचे कारण होऊ शकत नाही. आपण तर तिला ओळखतो.

निफाडच्या गृहस्थांस आमचे उत्तर आता थोडक्यात होईल. बापा, ठेवल्याने पाप लागते असे आम्हांस वाटत नाही. फसवून ठेवल्याने लागते, आणि ठेवून न गेल्याने लागते. आपल्या आईस अजून शुद्ध असेल, तर हा अंक मिटवा आणि आधी तिच्याजवळ जाऊन बसा. त्या दिवशी कुशावर्तावर मंडळी हसली तेव्हा ‘माझीही आई तिथेच आहे’ एवढे आम्ही बोललो असतो, तर आपल्याला मान खाली घालावी लागली नसती. त्याची क्षमा असावी.

आई अजूनही अधूनमधून मांडीवरची पिशवी चाचपते आणि विचारते, “रांग हलली का रे?” पूर्वी या प्रश्नाने काळजात सुरी फिरे. आता आम्ही तिच्या कपाळावर बुक्का लावतो आणि म्हणतो, “दर्शन झालं, आई. एकादशीला आपण दोघं जाऊन आलो.” यात आता काही खोटे नाही.

रामकृष्ण हरि.